दिवसाचं तिकीट, संध्याकाळचं तिकीट: फोंड्याजवळच्या एका उद्यानाचं प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागायतीला, लागून मध्यम आकाराचं मनोरंजन उद्यान आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, लहान मुलांची आगगाडी, दुपारी जेवण, आणि सुपारी-मिरी-जायफळाच्या बागेतून गाइडबरोबर फेरी. मालक कुटुंब तिथलंच. वडील आणि मुलगा मिळून धंदा बघतात. त्यांच्या जमाखर्चाचं आणि करांचं काम माझ्याकडे असल्यामुळे हे प्रकरण मी पहिल्यापासून जवळून पाहिलं. दोघांना विचारून लिहिते आहे. नाव देत नाही, आणि आकडे हिशोब समजण्यापुरते गोल करून घेतले आहेत.

प्रश्न असा होता: दिवसाचं तिकीट काढून आत आलेल्या पाहुण्याकडून संध्याकाळच्या कार्यक्रमाचे वेगळे पैसे घ्यावेत का?

कार्यक्रम कसा वाढला

पाच वाजता पाण्याचे खेळ बंद होतात. कळंगुट-बागा किनाऱ्याकडच्या हॉटेलांतून आलेल्या टूर बसेस मात्र साडेसातशिवाय निघत नसत. मधल्या अडीच तासांत ओल्या टॉवेलांची बोचकी घेऊन माणसं पार्किंगमध्ये ताटकळत बसायची, मुलं रडकुंडीला यायची. त्यावर उपाय म्हणून वडिलांनी शेजारच्या वाड्यावरच्या बायकांना फुगडी आणि समई नृत्य करायला बोलावलं. लोकांना ते आवडलं. मग सत्तरी तालुक्यातून कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारे घोडेमोडणीवाले येऊ लागले, घुमट-शमेळ-कासाळे ही वाद्यं वाजवणारा ताफा आला, एका मंडळाने गोफ बसवला. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची नाचता नाचता वेणी घालायची आणि उलट्या पावलांनी ती सोडवायची, हे बघताना सुरतेहून आलेला माणूसही मोबाइल खाली ठेवतो. 2019 मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, तेव्हा या मंडळींना वेगळीच उभारी आली होती.

दोन सीझन हे सगळं दिवसाच्या तिकिटातच होतं. हमरस्त्यावरच्या फलकावर आधी घसरगुंडीचा फोटो होता, तिथे डोक्यावर पेटत्या समया घेतलेल्या बायकांचा फोटो आला. पत्रकावर तोच, हॉटेलांच्या काउंटरवर ठेवलेल्या कार्डावरही तोच. पुढचं सगळं या फोटोभोवती फिरतं.

तिसऱ्या सीझनला मुलाने कार्यक्रमाला माणशी 250 रुपये लावले. दिवसाचं तिकीट 800 होतं, ते तसंच राहिलं. फलकही बदलला नाही.

मुलाची बाजू

मुलाला लोभी ठरवून हा विषय संपवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बिदागी, ध्वनियंत्रणा, दिवे, जनरेटरचं डिझेल, कामगारांचा जादा वेळ, कलाकारांना रात्री घरी सोडणारा टेंपो, असं सगळं धरून एका संध्याकाळचा खर्च 20,000 रुपयांच्या घरात जात होता. तोपर्यंत तो पाण्याच्या खेळांच्या कमाईतून भरला जाई. ऑक्टोबर ते मार्च चांगला, एप्रिल-मे कसाबसा आणि पावसाळ्यात चार महिने हातावर हात, अशा धंद्यात रोज 20,000 सोडून देणं जड जातं.

त्याने परदेशातली मोठी उद्यानं पाहिली होती आणि संध्याकाळचं वेगळं तिकीट तिथे सर्रास असतं, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय ज्याला कार्यक्रम बघायचा नाही त्याने त्याचे पैसे का भरावेत? दाबोळी किंवा मोपाहून संध्याकाळचं विमान असलेली माणसं चारलाच निघतात. त्यांच्या तिकिटात नाच कशाला घालायचा?

या वादातला एक संवाद माझ्या समोरच झाला.

"बाबा, एवढा खर्च करून फुकट दाखवायचं?"

"फुकट कसलं रे? तिकीट काढूनच आत आलीत ना ती माणसं?"

मुलगा खर्चाकडे बघत होता आणि वडील दाराकडे. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर प्रकरण लांबलं.

दोरी

वेगळं तिकीट म्हटलं की ते नसलेल्याला अडवायचं कसं हा प्रश्न येतो. मांडवाभोवती नायलॉनची दोरी बांधली. आत खुर्च्या, तोंडावर दोन मुलं पाहुण्यांच्या मनगटावरचे तिकिटाचे बँड तपासायला. पण मांडव मोकळ्यावर, चारी बाजूंनी उघडा. दोरीबाहेर उभं राहिलं तरी सगळं दिसतं, ऐकू येतं. तेव्हा दर संध्याकाळी असं चित्र दिसे: आत शंभरेक खुर्च्या, त्यांतल्या निम्म्या रिकाम्या, आणि दोरीला रेलून दोन-तीन रांगांत उभी माणसं, पुढे मुलं, मागे त्यांना खांद्यावर घ्यायला कंटाळलेले बाप. समई नृत्यात बाई जमिनीवर आडवी होते, डोक्यावरची ज्योत न हलवता कूस बदलते. ती बघायला एखादा मुलगा दोरीखालून आत शिरला की बँड तपासणारा त्याला दंडाला धरून बाहेर नेई. हे त्या बाईच्या डोळ्यांसमोर होई.

त्या मंडळाच्या प्रमुख वहिनींनी पहिल्याच महिन्यात वडिलांना सांगितलं, "भाऊ, आम्ही खुर्च्यांपुढे नाचतो आणि माणसं दोरीपलीकडे. आमचं लक्ष लागत नाही."

मग दिवाळीच्या सुट्टीतला रविवार आला. सांगलीकडून एका गृहनिर्माण सोसायटीची बस आली होती, त्यात बऱ्याच आज्या-आजोबा. साडेपाचला लाउडस्पीकरवर सांगितलं गेलं, की संध्याकाळचं तिकीट नसलेल्या पाहुण्यांनी बाहेर पडावं. गर्दीच्या दिवशी दोरी पुरत नाही म्हणून हा नवा नियम. बसचा ड्रायव्हर जेवायला फोंड्यात गेलेला, एजंटने वेळ दिलेली साडेसातची. चाळीसेक माणसांपुढे दोनच वाटा: माणशी 250 भरा, नाहीतर अंधारात पार्किंगच्या कठड्यावर बसा. काहींनी भरले, काही बसले. म्हणजे एकाच घरातली नातवंडं आत आणि आजी बाहेर.

त्या रात्री काउंटरवर जो वाद झाला त्यात 250 रुपये जास्त आहेत असं कुणीही म्हणालं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: "फलकावर तर हाच फोटो आहे."

बाहेर काय चालतं

परदेशात सर्रास चालतं, हे मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 1955 मध्ये उघडलं तेव्हा दारात प्रवेशशुल्क आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे अशीच पद्धत होती. त्याच वर्षी कूपनांची पुस्तकं आली, 1959 मध्ये सगळ्यांत महागडं 'ई' कूपन आलं, आणि 1982 मध्ये हा प्रकार बंद होऊन एकच तिकीट झालं. आज तिथल्या नेहमीच्या रात्रीची आतषबाजी दिवसाच्या तिकिटातच बघायला मिळते. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकात संध्याकाळची परेड अशीच तिकिटात धरलेली.

वेगळं तिकीट आहे, पण ते कुठे? फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या सुमाराला ठरावीक रात्री वेगळ्या तिकिटाची पार्टी असते आणि साध्या तिकिटाच्या पाहुण्यांना संध्याकाळी सहाला निघावं लागतं. वरवर पाहिलं तर आमच्या साडेपाचच्या घोषणेसारखंच. पण तिथे त्या रात्रींच्या तारखा कित्येक महिने आधी जाहीर असतात. त्या दिवशीचं साधं तिकीट काढणाऱ्याला उद्यान लवकर बंद होणार हे घरी बसल्या कळतं. आणि पार्टीत जे मिळतं ते रोज मिळत नाही. दिल्लीच्या अक्षरधाममध्ये प्रवेश विनामूल्य आणि संध्याकाळच्या कारंज्याच्या खेळाला तिकीट. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला वेगळं तिकीट. इथेही पहिलं तिकीट घेताना दुसऱ्याचा पत्ता असतो.

मला याहून जवळचा दाखला गोव्याचाच वाटतो. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी उभं केलेलं मराठी नाटक असो की काल्याचा दशावतार, बघायला तिकीट नसतं. खर्च देवस्थानचे महाजन आणि गावकरी वर्गणीतून करतात, आणि परगावच्या पाहुण्यालाही कुणी उठवत नाही. तोच गोवेकर मडगावच्या रवींद्र भवनात तियात्राला, म्हणजे कोकणी नाट्यप्रयोगाला, किंवा पणजीच्या कला अकादमीत नाटकाला मुकाट्याने तिकीट काढतो. मांडवीवरच्या जलसफरीला सांता मोनिका जेटीवर तिकीट घेतो आणि बोटीवरचा नाच त्यातच असतो. म्हणजे कलेसाठी पैसे मोजायला कुणी कुरकुरत नाही. पैसे दारावर मागितले की माणूस देतो किंवा माघारी जातो, दोन्ही त्याच्या हातात असतं. आत घेतल्यावर, मुलं दमल्यावर, बस नसताना मागितले तर ती अडवणूक होते. दिवाळीच्या त्या रविवारी तीच झाली, आणि मी ती मुलाला याच शब्दांत सांगितली.

हिशोब

मुलाला भावनेपेक्षा आकडे पटतात, म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो.

20,000 खर्च भरून यायला 250 च्या तिकिटाचे 80 पाहुणे लागतात. रविवारी ते सहज मिळत, आठवड्यातल्या साध्या दिवशी नाकी नऊ येत. आता समजा पाचच्या सुमाराला आत 400 माणसं आहेत. त्यांतली 80 थांबली, 320 गेली. कार्यक्रमाचा खर्च मात्र 80 माणसांसाठी जेवढा, तेवढाच 400 साठी. जागा संपेपर्यंत एक जादा प्रेक्षक बसवायला एक पैसाही लागत नाही. म्हणजे ज्यांना काही खर्च न करता आनंद देता आला असता त्यांना आपणच बाहेर काढतो. शिवाय थांबलेला माणूस चहा घेतो, मिरची भजी घेतो, जाताना कोकम आणि काजूची पाकिटं घेतो. माणशी 60 रुपये धरले तरी 320 माणसांचा 19,200 रुपयांचा गल्ला दारातून बाहेर गेला. त्यातला निम्मा मालात आणि मजुरीत गेला असं मानलं तरी उरलेला नजरेआड करता येत नाही.

उलट बाजूने, सगळ्या 400 जणांवर खर्च पसरवला तर माणशी 50 येतात. पण इथे जीएसटी आडवा येतो, आणि मुलाच्या बाजूने सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच होता. मनोरंजन उद्यानाच्या प्रवेशावर 2017 मध्ये 28 टक्के जीएसटी लागला, जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आला. दिवसाच्या तिकिटात कार्यक्रम धरला की त्या वाढीव रकमेवरही 18 टक्के. नृत्य, नाटक, संगीत यांच्या प्रवेशाला मात्र माणशी 500 रुपयांपर्यंत करमाफी. म्हणजे वेगळ्या तिकिटाचे 250 पूर्ण हातात, आणि प्रवेशात वाढवलेल्या 50 मधले साधारण 42 च. खर्च नीट निघायला वाढ 50 ऐवजी 60 ची करावी लागते.

मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. करमाफ तिकीट विकलं की दिवे आणि ध्वनियंत्रणेच्या भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट त्या प्रमाणात सोडावी लागते, म्हणजे फायदा दिसतो तेवढा नाही. आणि ते तिकीट खरोखर वेगळं हवं. ते घेणं पाहुण्याच्या मर्जीवर हवं, त्याची विक्री स्वतंत्र हवी. प्रवेशाच्या जाहिरातीत ज्याचा फोटो छापायचा, ते हिशोबात मात्र वेगळं दाखवायचं, हे कागदावर टिकायला कठीण.

फलकाचा धोका याहून मोठा होता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. ऑनलाइन विक्रीत पूर्ण किंमत आधी न सांगता टप्प्याटप्प्याने पैसे वाढवत नेणं, हा प्रकार नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बंदी घातलेल्या क्लृप्त्यांत आहे. उद्यानाची तिकिटं वेबसाइटवरही विकली जात होती. तिथे संध्याकाळच्या तिकिटाचा उल्लेख पैसे भरून झाल्यावर येणाऱ्या पावतीत, तळाशी, बारीक अक्षरांत होता.

कलाकारांची बिदागी

मध्येच मुलाने एक तोड सुचवली होती: बिदागी ठरावीक न देता विकलेल्या तिकिटामागे काही रुपये द्यायचे. कार्यक्रम रंगला तर कलाकारांनाही जास्त मिळतील, असा त्याचा युक्तिवाद. मी याला सरळ विरोध केला आणि आजही करीन. या बायका दुपारी शेतातलं, कुळागरातलं काम आटोपून, नऊवारी नेसून, समया घासून साडेपाचला हजर असतात. तिकीट विकणं त्यांच्या हातात नाही. पाऊस आला, बस चुकली, एजंटने गट दुसरीकडे वळवला तर मोबदला त्यांचा का कापायचा? धंद्याची जोखीम मालकाची. वडिलांनी हा मुद्दा एका वाक्यात मिटवला: "नाचणाऱ्याला तिकिटाची काळजी लावली तर पाय उचलत नाहीत." बिदागी ठरावीकच राहिली, आणि कार्यक्रम रद्द झाला तरी अर्धी द्यायची असं लिहून झालं.

काय ठरलं

नाताळच्या आधी नवी व्यवस्था सुरू झाली. दिवसाचं तिकीट 860 झालं, आणि त्यात चाळीस मिनिटांचा कार्यक्रम सगळ्यांसाठी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सुरुवात सव्वासहाला, कारण समईला अंधार हवा. सातला संपतो. साडेसातच्या बसेस आरामात मिळतात. दोरी काढून टाकली. फलकावर फोटोखाली वेळ लिहिली.

वेगळं तिकीट पूर्ण गेलं नाही. शनिवार-रविवारी साडेसात ते साडेनऊ जेवणासह मोठी बैठक ठेवली. त्यात घुमटाची पूर्ण मैफल, गोफ, घोडेमोडणी. खुर्च्या मोजक्या, तिकीट 500 च्या वर, विक्री फक्त आधी किंवा मुख्य दारावर. दिवसाचं तिकीट नसलेले फोंडा-डिचोलीचे लोकही थेट या बैठकीला येऊ शकतात. हे वेगळे पैसे मला पूर्ण रास्त वाटतात. जेवण वेगळं, वेळ वेगळी, जागा मर्यादित, आणि न घेणाऱ्याचं काहीही हिरावलं जात नाही. जेवण असल्यामुळे आणि रक्कम 500 च्या वर असल्यामुळे करमाफीचा प्रश्नच नाही. तो मोह त्यामुळे आपोआप सुटला. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, तेव्हा साडेनऊला संपवणं भागच होतं. शेजारच्या वाड्यावर लहान मुलं आहेत, त्यांच्याही दृष्टीने ते बरं.

31 डिसेंबर आणि कार्निव्हलचा शनिवार यांचा विचार निराळा केला. त्या दिवशी खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त असतात, आणि तिथे किंमत हेच गर्दी आवरायचं साधन. पूर्ण संध्याकाळ वेगळ्या तिकिटाची, दिवसाचं उद्यान चारला बंद आणि दिवसाचं तिकीट स्वस्त. तारखा सप्टेंबरातच फलकावर, वेबसाइटवर आणि एजंटांच्या हातात.

पुढे काय झालं

काउंटरवरची भांडणं थांबली. आठवड्यातल्या दिवशीही मांडव भरू लागला. वहिनींच्या मंडळात वाड्यावरच्या दोन कॉलेजच्या मुली नव्याने आल्या, याचा मला सगळ्यांत जास्त आनंद आहे. सत्तरीच्या मंडळींना मात्र आठवड्यातलं काम कमी झालं, कारण लहान कार्यक्रमात घोडेमोडणी बसत नाही. ही हानी आहे आणि ती अजून भरून निघालेली नाही. मोठी बैठक शुक्रवारीही करून पाहिली, पण जेवण वाया जाऊ लागल्यावर बंद केली. एजंटांनी मोठ्या बैठकीच्या तिकिटावरही कमिशन मागितलं. ते मिळालं नाही तेव्हा काहींनी ती सुचवणं सोडलं.

लवकर जाणाऱ्या माणसाने 60 रुपये का भरावेत, हा मुलाचा जुना प्रश्न राहतो. माझं उत्तर हे की आकाशपाळण्यात न बसणाराही त्याचे पैसे भरतोच. एका तिकिटात सगळं घ्यायचं ठरलं की प्रत्येकाच्या वाट्याला काही न वापरलेलं येतंच. पण शाळांच्या सहलींना हे उत्तर लागू पडत नाही. डिचोली, सांगे, काणकोणच्या शाळांच्या बसेस साडेतीनला निघतात, एकही मूल कार्यक्रम बघू शकत नाही, आणि त्या मुलांना 60 रुपये जास्त मोजावे लागतात. पावसाळ्यातही मोकळ्यावरचा मांडव उभा राहत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर तिकीट पुन्हा 800 करण्यावर दोघांचं एकमत आहे. शाळांसाठी मुलाला सवलत द्यायची आहे. वडिलांचं म्हणणं आहे की सवलत नको, कार्यक्रमच द्या: शाळा आल्या त्या दिवशी दुपारी जेवणानंतर अर्धा तास फुगडी आणि घुमट, समई नाही. दुपारच्या वेळी बायकांनी यायचं तर त्यांची बिदागी दुप्पट करावी लागेल, आणि वहिनींनी तो आकडा लिहून मागितला आहे. येत्या जूनच्या आमच्या चर्चेत तो माझ्या कागदांत पहिला असेल.